टीसीएस, पर्सिस्टंट, ऑरेकल फायनान्शियल की इन्फो एज? शेअर घेण्याआधी ग्राहकाची वाट अडवून बघा

जुलै ते सप्टेंबर २०२३ या तिमाहीत एमसीएक्सनं, म्हणजे अंधेरीतल्या आपल्या वस्तू वायदे बाजारानं, साधारण १६५ कोटी रुपये कमावले. सोनं, चांदी, कच्चं तेल, सगळ्या सौद्यांचे मिळून. त्याच तीन महिन्यांसाठी एका पुरवठादाराला द्यायचे होते १२५ कोटी. ज्या सॉफ्टवेअरवर हे सौदे होतात, त्याचे. तिमाही तोट्यात गेली.

पुरवठादार होता ६३ मून्स, पूर्वीची फायनान्शियल टेक्नॉलॉजीज. एमसीएक्स मुळात तिनंच उभं केलेलं. २०१३ मध्ये एनएसईएल या तिच्याच समूहातल्या दुसऱ्या वस्तू बाजारात गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. त्या प्रकरणानंतर तिला एमसीएक्समधली भागीदारी विकावी लागली, पण सॉफ्टवेअर तिचंच राहिलं. पुढे एमसीएक्सनं नव्या प्रणालीचं काम टीसीएसला दिलं आणि ते लांबत गेलं. जुना करार सप्टेंबर २०२२ मध्ये संपला. मग मुदतवाढीचे भाव चढू लागले: पहिल्या तिमाहीला ६० कोटी, पुढच्या दोन तिमाह्यांना प्रत्येकी ८१, त्यापुढे तिमाहीला १२५. अखेर १६ ऑक्टोबर २०२३ ला नवी प्रणाली चालू झाली. २०२४-२५ मध्ये एमसीएक्सचा नफा ५६० कोटींवर पोचला. ६३ मून्सच्या हातून मात्र तिचं सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक गेलं.

तंत्रज्ञान कंपनीचं बळ कशात असतं हे समजून घ्यायचं तर मला या प्रकरणाइतका चांगला धडा आपल्या बाजारात दुसरा दिसत नाही. ग्राहकाला सोडून जाणं किती अवघड असू शकतं, हे त्यात दिसतं. एवढं अवघड, की कमाईतला मोठा वाटा देऊनही ग्राहक तीन-तीन महिने थांबतो. आणि पकड फार आवळली तर तोच ग्राहक जायचा सगळा खर्च, सगळा मनस्ताप सोसतो आणि जातो, हेही त्यात आहे.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. दिवाळीत त्यानं मला विचारलं, "आत्या, बोनसचे पैसे टेक्नॉलॉजी शेअरमध्ये टाकायचेत. चार नावं काढलीत, एक सांग." टीसीएस, पर्सिस्टंट, ऑरेकल फायनान्शियल सर्व्हिसेस आणि नोकरी डॉट कॉम चालवणारी इन्फो एज. मी त्याला एक नाव सांगितलं नाही, कारण या चारही कंपन्या 'आयटी' या एका खान्यात बसत असल्या तरी त्यांचं बळ वेगवेगळ्या जातीचं आहे. मी सेबीकडे नोंदणी केलेली सल्लागार नाही. पंचवीसेक वर्षं स्वतःचे पैसे घालून जे समजलं, ते इथं मांडते आहे.

आधी पैशाची गोष्ट

१०० रुपयांचं काम केलं तर सगळे खर्च, कर वजा जाता कंपनीकडे किती उरतं, ही सगळ्यात सोपी चाचणी. २०२४-२५ चे आकडे घेऊ. टीसीएसचा महसूल २,५५,३२४ कोटी आणि निव्वळ नफा ४८,५५३ कोटी, म्हणजे शंभरातले १९ रुपये. पर्सिस्टंटचा महसूल ११,९३९ कोटी, नफा १,४०० कोटी. शंभरातले १२ सुद्धा नाहीत. ऑरेकल फायनान्शियलचा महसूल ६,८४७ कोटी, नफा २,३८० कोटी; शंभरातले जवळपास ३५. इन्फो एजला मी या रांगेत बसवत नाही. तिच्या ताळेबंदात दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरचा एवढा मोठा साठा आहे की एकत्रित नफ्याचा आकडा मूळ धंद्याबद्दल फारसं काही सांगत नाही. तिच्याकडे नंतर येते.

आता वाढ बघा. २०१९-२० ते २०२४-२५ या पाच वर्षांत टीसीएसचा महसूल १,५६,९४९ कोटींवरून वाढला, म्हणजे वर्षाला साधारण दहा टक्के. ऑरेकल फायनान्शियलचा सुमारे ४,८६० कोटींवरून, वर्षाला साताच्या आसपास. पर्सिस्टंटचा ३,५६६ कोटींवरून तिप्पटीच्याही पुढे.

ज्या कंपनीकडे शंभरातले सर्वांत जास्त रुपये उरतात ती सर्वांत हळू वाढते आहे, आणि जिच्याकडे सर्वांत कमी उरतात ती सर्वांत वेगानं. बहुतेक लोक दुसरा आकडा बघून शेअर घेतात. पहिला आकडा बळाबद्दल जास्त सांगतो. शेअरमध्ये पैसे कुणात होतील, हे या दोन्हींपैकी एकटा कुठलाच सांगत नाही.

ऑरेकल फायनान्शियल: सर्वांत घट्ट पकड, पण किल्ल्या दुसऱ्याकडे

ही कंपनी मूळची मुंबईची. सिटीबँकेच्या पोटातून निघाली, आयफ्लेक्स म्हणून वाढली, २००५ मध्ये सिटीचा ४१ टक्के वाटा अमेरिकेच्या ऑरेकलनं घेतला आणि पुढे नावही बदललं. तिचं मुख्य उत्पादन फ्लेक्सक्यूब, म्हणजे बँकेचं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर. खाती, ठेवी, कर्जं, व्याज, सगळ्याचा हिशेब त्यावर चालतो.

कोअर बँकिंग बदलणं म्हणजे काय, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेला एप्रिल २०१८ मध्ये कळलं. पन्नास लाखांवर ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी जुन्या प्रणालीवरून नव्यावर नेली. सोमवारपासून लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. कळस झाला तेव्हा अशांची संख्या १९ लाखांच्या घरात होती. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना त्याच वर्षी पद सोडावं लागलं आणि २०२२ मध्ये बँकेला ४.८६ कोटी पौंडांहून जास्त दंड झाला. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये एचडीएफसी बँकेनं कोअर प्रणाली नव्या व्यासपीठावर नेली, तेव्हा एका शनिवारी साडेतेरा तास सेवा मर्यादित ठेवाव्या लागतील असं ग्राहकांना आधीच कळवलं होतं. ते काम नीट पार पडलं. पण ज्या बँकप्रमुखानं टीएसबीची गोष्ट ऐकली आहे, तो दहा-वीस टक्के स्वस्त मिळतंय म्हणून कोअर सॉफ्टवेअर बदलेल का?

शंभरात ३५ रुपये उरतात ते यामुळे. परवाना एकदा विकला की देखभालीची रक्कम वर्षानुवर्षं येत राहते. माणसं वाढवावी लागत नाहीत, कारखाना उभारावा लागत नाही.

मग अडचण कुठे? जी भिंत जुन्या ग्राहकाला बाहेर जाऊ देत नाही, तीच भिंत दुसऱ्याच्या ग्राहकाला आत येऊ देत नाही. इन्फोसिसचं फिनॅकल, टीसीएसचं बँक्स, स्वित्झर्लंडचं टेमेनॉस. ज्याची बँक त्याच्याकडे. म्हणून पकड घट्ट आणि वाढ मंद, हे दोन्ही एकाच कारणाचे परिणाम आहेत. नवे पैसे घालायला जागा नाही, म्हणून कंपनी जवळजवळ सगळा नफा वाटून टाकते. २०२४-२५ साठी शेअरमागे २६५ रुपये लाभांश दिला. हा लाभांश तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र असतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात त्यातले जेमतेम सत्तर टक्के पडतात. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं ते नाव कागदावर खाली नेलं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. सुमारे ७२ टक्के शेअर अमेरिकेतल्या ऑरेकलकडे आहेत. कुठलं उत्पादन या कंपनीच्या नावानं विकायचं, कुठलं थेट ऑरेकलच्या क्लाउडवर, हे ठरवायची ताकद तिथे आहे. त्यांनी गैर काही केलं असं मी म्हणत नाही. पण उरलेल्या २८ टक्क्यांत आपण आहोत, आणि कंपनीच्या बळाचा उपयोग कुणासाठी व्हायचा हे ठरवताना आपलं मत मोजलं जाणार नाही.

टीसीएस: बळ शिस्तीचं

टीसीएसचा नफा बघताना मी एकच ओळ बघते: परिचालन नफ्याचं प्रमाण, म्हणजे व्याज आणि कर जायच्या आधी मूळ धंद्यातून शंभरातले किती उरतात. २०१७-१८ पासून दरवर्षी ते २४ ते २६ टक्क्यांच्या पट्ट्यात आहे. मध्ये कोविड आला, २०२२ मध्ये नोकऱ्या बदलण्याची लाट आली, मग मागणी मंदावली. पट्टा सुटला नाही. प्रतिस्पर्धी भाव पाडत असताना आणि पगार वाढत असताना हे टिकवणं सोपं नाही.

हे कुठून येतं? पुष्कळसं माणसं सांभाळण्यातून. २०२२ मध्ये इन्फोसिसमधून सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८ टक्क्यांवर गेलं तेव्हा टीसीएसचं साडेएकवीसच्या वर गेलं नाही. अनुभवी माणूस गेला की त्याच्या जागी जास्त पगाराचा माणूस आणावा लागतो, तो तयार होईपर्यंत ग्राहकाचं बिल थांबतं. पाच-सहा लाखांच्या फौजेत हे पाच-सात टक्के फार मोठे. शिवाय स्टेट बँकेचं कोअर बँकिंग, पासपोर्ट सेवा अशी कामं आहेत, जिथून टीसीएसला हलवणं म्हणजे संस्थेचं दैनंदिन कामकाज टांगणीला लावणं. वर्षाला दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त काम देणारे साठाहून अधिक ग्राहक आहेत. त्यांच्या प्रणालीत कुठली तार कुठे जोडली आहे हे बऱ्याचदा त्यांच्यापेक्षा टीसीएसच्या माणसांना जास्त ठाऊक असतं.

पण या बळाला तीन बाजूंनी गळती लागली आहे आणि ती मला गंभीर वाटते.

पहिली, ग्राहक स्वतःच इथे येऊन बसले आहेत. नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेच्या मोजणीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात १,७०० हून जास्त जीसीसी होती, म्हणजे परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं. पुण्यात खराडीला बार्कलेजच्या केंद्रात काम करणाऱ्या मुलामुलींना विचारा, आधी कुठे होता? बऱ्याच जणांचं उत्तर एखादी सेवा कंपनीच असतं. टीसीएसचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आज इन्फोसिस किंवा ॲक्सेंचर नसून तिचा ग्राहकच आहे, असं माझं मत आहे.

दुसरी, एआय. माणसांच्या तासांवर बिल लावायची पद्धत जिथे आहे, तिथे दहा माणसांचं काम सात जण करू लागले की ग्राहक लगेच म्हणतो, वाचलेल्या तिघांचा पगार मला द्या. मोठ्या करारांच्या नूतनीकरणात ही मागणी आता उघड होते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. एका माणसामागे महसूल वाढतो का, हे इथून पुढे बघत राहायला हवं. माणसं कमी होऊन महसूल तेवढाच राहिला तर बळ शाबूत. दोन्ही बरोबरीनं घसरले, तर फायदा ग्राहकानं नेला असं समजायचं.

तिसरी, अमेरिका. निम्म्याच्या आसपास महसूल तिथून येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत कामाला जायच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. टीसीएसनं स्थानिक भरती बरीच वाढवलेली आहे, त्यामुळे याचा घाव जेवढा बातम्यांत दिसला तेवढा खोल नाही. तरी परदेशी धोरणाची ही टांगती तलवार आहेच.

पर्सिस्टंट: वेग आहे, भिंत अजून बांधली जाते आहे

पुण्याच्या माणसाला पर्सिस्टंटबद्दल आपुलकी असते, मलाही आहे. १९९० मध्ये आनंद देशपांड्यांनी ती सुरू केली तेव्हा कल्पनाच वेगळी होती: दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्पादनं बनवून द्यायची. २०१० मध्ये ३१० रुपयांना शेअर विक्रीला आला आणि मागणी नव्वद पटींच्या वर गेली. नंतर बरीच वर्षं कंपनी रेंगाळली. आयबीएम हा एकच ग्राहक कमाईचा फार मोठा भाग देई, आणि तिथे हालचाल झाली की इथे धक्का बसे. २०२० मध्ये संदीप कालरांकडे सूत्रं आली आणि चित्र पालटलं. २०२०-२१ मध्ये ५६.६ कोटी डॉलरचा महसूल चार वर्षांत १४०.९ कोटींवर गेला.

आपुलकी बाजूला ठेवून प्रश्न विचारते: हे बळ कुणाचं? कंपनीचं, की ती चालवणाऱ्या चमूचं?

पर्सिस्टंटचा ग्राहक उद्या तेच काम दुसऱ्या चांगल्या मध्यम कंपनीला देऊ शकतो. त्याला त्रास होईल, टीएसबीसारखा अनर्थ होणार नाही. परिचालन नफा २०२४-२५ मध्ये १४.७ टक्के होता, टीसीएसपेक्षा शंभरामागे जवळपास दहा रुपयांनी कमी. भाव ठरवायची ताकद असती तर हा आकडा इतका खाली दिसला नसता. लहान कंपनीला वाढीसाठी आधी खर्च करावा लागतो हे मान्य आहे, आणि प्रमाण सुधारतं आहे हेही खरं. पण आज जे दिसतं ते उत्तम विक्री, चपळ निर्णय आणि योग्य वेळी योग्य विषयात उतरणं. हे गुण मौल्यवान आहेत. ते माणसांसोबत येतात, माणसांसोबत जाऊही शकतात. आयटीत असे चमू फुटताना आपण पाहिले आहेत.

म्हणून पर्सिस्टंट ज्याला घ्यायची त्यानं दर तिमाहीला कॉनकॉल, म्हणजे निकालांनंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्याचा वृत्तांत, वाचायची तयारी ठेवावी. पहिल्या दहा ग्राहकांचा वाटा, नव्या करारांची रक्कम, वरच्या फळीतलं कोण गेलं. टीसीएसच्या बाबतीत वर्षातून एकदा वार्षिक अहवाल नीट वाचला तरी चालून जातं.

इन्फो एज: एकाच घरात दोन नशिबं

चारांपैकी माझी सर्वांत आवडती कंपनी हीच, कारण बळ म्हणजे काय आणि काय नव्हे, दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी दिसतं.

संजीव बिखचंदानींनी १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू केली. उमेदवाराला फुकट, पैसे देतो तो भरती करणारा, तेही बहुतेक वर्षाचे आगाऊ, बायोडेटांच्या साठ्यात शोध घ्यायला. उमेदवार तिथे जातात कारण कंपन्या तिथे आहेत, कंपन्या तिथे जातात कारण उमेदवार तिथे आहेत. मॉन्स्टरसारखी जागतिक कंपनी इथे आली, शेवटी तिचा भारतातला धंदा विकला गेला आणि २०२२ मध्ये नावही फाउंडइट झालं. लिंक्डइनमागे मायक्रोसॉफ्टचा पैसा आहे. तरी तीस-चाळीस फ्रेशर किंवा पाच वर्षं अनुभवाचे जावा डेव्हलपर हवे असले की एचआरवाले आजही नोकरीचाच साठा उघडतात. या भरतीच्या धंद्यात निम्म्याहून जास्त पैसे परिचालन नफा म्हणून उरतात.

आता त्याच कंपनीची ९९एकर्स बघा. तीच माणसं, तोच पैसा, तशीच कल्पना: एका बाजूला घर घेणारे, दुसऱ्या बाजूला दलाल आणि बिल्डर. वर्षानुवर्षं तोटा. का? दलाल तोच फ्लॅट ९९एकर्सवर टाकतो, मॅजिकब्रिक्सवर टाकतो, हाउसिंगवरही टाकतो. बावधनच्या टू-बीएचकेचे तेच फोटो तिन्हीकडे. घर बघणाराही तिन्हीकडे बघतो, कारण आयुष्यात एकदा-दोनदाच घ्यायचं असतं. माल सगळ्या दुकानांत सारखा असेल तर कुठल्याच दुकानाला भाव वाढवता येत नाही. उरते ती जाहिरातींवर पैसा ओतायची शर्यत. कुणी 'नेटवर्क इफेक्ट आहे', म्हणजे लोक आहेत म्हणून आणखी लोक येतात, असं सांगून एखाद्या ॲपचा शेअर गळ्यात मारू लागला, तर त्याला विचारावं: लोक हे ॲप वापरताना शेजारचंही वापरतात का? स्विगी आणि झोमॅटो दोन्ही ज्यांच्या फोनमध्ये आहेत, त्यांना उत्तर ठाऊक आहे.

इन्फो एजचा तिसरा भाग म्हणजे गुंतवणुकी. २०१० मध्ये झोमॅटोत घातलेले पहिले ४.७ कोटी आज दंतकथा झाले आहेत. पॉलिसीबझारमध्येही वाटा आहे. त्याच वेळी घरांच्या दलालांसाठी काम करणाऱ्या ४बी नेटवर्क्समध्ये घातलेले २७६ कोटी पूर्ण बुडीत धरावे लागले. तेव्हा इन्फो एज घेताना तुम्ही नोकरीची पकड, ९९एकर्सची झुंज आणि दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या एका जाणकार पण चुकू शकणाऱ्या हाताचं पारखणं, तिन्ही एकत्र घेता. भाव बघताना आधी झोमॅटो, म्हणजे आताची इटर्नल, आणि पॉलिसीबझारची मालक पीबी फिनटेक यांच्या शेअरची बाजारातली किंमत वजा करायची आणि उरलेल्या रकमेत नोकरीचा धंदा महाग पडतो की स्वस्त, ते बघायचं. एवढा हिशेब करायचा कंटाळा असेल तर हा शेअर घेऊ नये.

अजून एक धागा आहे, जो भाच्याच्या लक्षात आला नव्हता. नोकरीचे मोठे ग्राहक कोण? आयटी कंपन्या. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३,२४९ नं घटली, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी. त्याच वर्षी नोकरीच्या भरती धंद्याची वाढ जवळपास थबकली. टीसीएस, पर्सिस्टंट आणि इन्फो एज घेऊन 'तीन ठिकाणी पैसे विभागले' असं ज्याला वाटतं, त्यानं एकाच विहिरीवर तीन मोटा लावल्या आहेत.

भावाचं काय?

बळकट कंपनी आणि चांगला शेअर यांत किती अंतर असू शकतं याचं माझ्या मनातलं उदाहरण सिस्को. २००० साली इंटरनेटचं सगळं जाळं सिस्कोच्या यंत्रांवर चाललं होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत कंपनी हरली नाही. वर्षाचा महसूल १९ अब्ज डॉलरच्या घरातून ५६ अब्जांच्या पुढे गेला. पण मार्च २००० मध्ये ज्यानं सुमारे ८० डॉलरला शेअर घेतला, त्याला तो भाव पुन्हा बघायला जवळपास पाव शतक थांबावं लागलं. त्याच तेजीत मी एका भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर घेतले होते. कंपनी चांगली होती, अजून आहे. माझ्या पैशाला मूळपदावर यायला जी वर्षं लागली त्यांत मी भाव आधी बघायला शिकले.

टीसीएसचंच बघा. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेअर साडेचार हजारांवर होता, वर्षभरात तीन हजारांच्या आसपास आला. त्या आर्थिक वर्षाचा नफा घटला नव्हता, सहा टक्क्यांच्या आसपास वाढलाच होता. शेअरमागे नफा १३४ रुपये. म्हणजे बाजार आधी नफ्याच्या तेहेतीसपट द्यायला तयार होता, नंतर बावीस-तेवीसपट. बळ तेच, फक्त पुढच्या वाढीवरचा विश्वास उडाला. पर्सिस्टंट २०२४ च्या अखेरीस साठपटीच्याही बरंच वर होती. इतक्या भावात पुढच्या कित्येक वर्षांची वीस टक्के वाढ आधीच मोजून दिलेली असते. कंपनीनं ती वाढ दाखवली तरी तुम्हाला नवल वाटेल असं काही हातात पडत नाही. एक तिमाही चुकली तर मात्र पडतं, आणि ते नुकसान असतं.

तर घ्यायचं काय?

फक्त बळाचा क्रम लावायचा तर मी नोकरीचा भरती धंदा आणि फ्लेक्सक्यूब यांना वर ठेवीन, मग टीसीएस, मग पर्सिस्टंट. पैसे घालण्याचा क्रम माणसागणिक बदलेल.

निवृत्त माणसाला, ज्याला लाभांश हवा आहे आणि ज्याचा कराचा टप्पा खालचा आहे, टीसीएस आणि ऑरेकल फायनान्शियल दोन्ही विचारात घेता येतील. टीसीएसनं २०२४-२५ साठी शेअरमागे १२६ रुपये वाटले. वाढ फार मागू नये. टीसीएसमध्ये एआयचा धोका जास्त आहे, पण प्रवर्तक टाटा सन्सलाही लाभांशाची गरज आहे, तेव्हा त्याबाबतीत त्यांचं आणि आपलं हित एका बाजूला आहे. दोन्हींतलं एकच घ्यायचं तर मी भाव पडलेला असताना टीसीएस घेईन.

पस्तिशीच्या आतल्या, आयटीबाहेर नोकरी करणाऱ्या माणसाला, शिक्षिका असो, डॉक्टर असो, सहकारी बँकेतला अधिकारी असो, मी इन्फो एज सुचवीन, वर सांगितलेला हिशेब करूनच. पर्सिस्टंटसाठी थांबावं. आयटीत दर चार-पाच वर्षांनी असा काळ येतो की चांगल्या मध्यम कंपन्याही अर्ध्या भावात मिळतात. त्या वेळी ग्राहक टिकले आहेत आणि वरची फळी जागेवर आहे एवढं दिसलं, तर घ्यावी.

आणि भाचा? त्याचा पगार आयटीतून येतो. बायकोचाही. वाकडमधल्या फ्लॅटचा हप्ता त्या दोन पगारांवर, आणि त्या फ्लॅटची किंमतसुद्धा हिंजवडीच्या भरतीवर. कंपनीकडून मिळालेले शेअर वेगळेच. अमेरिकेत मंदी आली तर नोकरी, घर आणि शेअर एकाच आठवड्यात खाली येतील. त्याला मी चारही नावं खोडायला लावली नाहीत, पण बोनसमधला एक चतुर्थांशच भाग या यादीसाठी ठेवायला सांगितला, आणि त्यातही टीसीएस व पर्सिस्टंट वगळून. सध्या तो इन्फो एजचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल वाचतोय. भरती धंद्यात आगाऊ जमा झालेली रक्कम दरवर्षी किती होती, एवढा एकच आकडा त्याला वहीत उतरवून आणायला सांगितलाय. आयटीची भरती आटलेल्या वर्षीही ती रक्कम फार घटली नसेल, तर पुढच्या रविवारी आम्ही भावाकडे बघू.